समानधर्मा आणि शेजारी

आधुनिक मराठी कवितेचा इतिहास शिकवताना 'रविकिरण मंडळ' हा घटक आला की माझे एक ठरलेले व्याख्यान असते. १९२३ साली पुण्यात झालेली स्थापना, माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमा रानडे, घाटे, माडखोलकर, दिवाकर ही नावे, सुनीत, गझल आणि खंडकाव्य यांची लागवड, काव्यगायनाची रुजलेली प्रथा, आणि शेवटी अत्र्यांची 'झेंडूची फुले'. हे सारे एका तासिकेत नेमके बसते. बसवून बसवून ते इतके गुळगुळीत झाले आहे की शिकवताना माझे मन दुसरीकडे असले तरी चालते.

गेल्या वर्षी हे व्याख्यान संपत आले असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, हे लोक दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांना नेमकं काय सांगत असतील? म्हणजे एखाद्याची कविता बरी झाली नसेल तर?"

वर्ग हसला. मी म्हटले, "साहित्यविषयक चर्चा करीत." त्याने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतले. त्याने ते लिहून घेतले, याचीच मला लाज वाटली. कारण हा प्रश्न मला पुस्तकात शोधावा लागणार नव्हता. विश्रामबागेत एका घराच्या माडीवर २००९ पासून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चारपाच लिहिणारी माणसे जमतो. लिहिलेले वाचतो, चहा घेतो, घरी जातो. इतकी वर्षे त्या खोलीत बसूनही 'तुम्ही एकमेकांना काय सांगता?' या प्रश्नाला मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतले उत्तर दिले होते. खरे उत्तर काय असते, ते इथे नीट मांडून पाहावे असे वाटते. त्यात माझी एक चूकही आहे. ती टाळून हे सांगता येणार नाही.

आपल्याकडे एकाकी लेखकाचे सांत्वन करण्याची फार जुनी रीत आहे. भवभूतीने 'मालतीमाधवा'च्या आरंभी ती घालून दिली. आज मला जे तुच्छ लेखतात त्यांच्यासाठी माझा हा खटाटोप नाही. काळ अमर्याद आहे, पृथ्वी विस्तीर्ण आहे, माझा समानधर्मा कधी ना कधी, कुठे ना कुठे जन्मेल, असा त्या उद्गाराचा आशय. शिकवताना हा श्लोक मला नेहमी भारावून टाकी. पण वय वाढले, लिहिलेले कागद कपाटात साठत गेले, तसे लक्षात आले की या सांत्वनाचा लाभ भवभूतीलाच होतो. ज्याचे लेखन हजार वर्षे टिकणार आहे त्याला समानधर्म्याची वाट पाहणे परवडते. आपल्यासारख्यांचे लिखाण तितके टिकणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते. आपल्याला अमर्याद काळ नको असतो. पुढचा शनिवार हवा असतो. समानधर्मा मिळाला तर भाग्यच. पण पुढचे पान लिहून होण्यासाठी बहुधा शेजारी पुरतो.

सांगलीसारख्या गावात हे कुणाला पटवून द्यावे लागू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' केले आणि तेव्हापासून हे गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. नाटकवाल्याला मंडळी लागतात, हे इथल्या लहान मुलालाही कळते. तालमीला कुणी आले नाही तर नाटकच उभे राहत नाही. लिहिणाऱ्याचे मात्र तसे नसते. तो एकटा बसून लिहितो, म्हणून त्याला कुणी लागत नाही असा समज होतो. हा समज लिहिणाऱ्यांनाही आवडतो. त्यात थोडा अभिमान असतो आणि बरीच सोय असते. कुणाला काही दाखवायचे नसेल तर कुणाकडून काही ऐकूनही घ्यावे लागत नाही.

रविकिरण मंडळाच्या आधीच्या बैठकींना म्हणे 'सन टी क्लब' म्हणत. रविवारी चहाला जमायचे, एवढाच त्या नावाचा अर्थ. मला मंडळाच्या जाहीरनाम्यापेक्षा हे नाव अधिक बोलके वाटते. यशवंत चाफळचे, गिरीश साताऱ्याचे. आपापले गाव सोडून पुण्यात नोकरी धरलेली, कविता करणारी ही तरुण माणसे. त्यांना आधी चहा लागला, मग मंडळ. एकमेकांच्या कवितांची स्तुती करणारे टोळके, असा त्यांच्यावर आक्षेप झाला आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. अत्र्यांच्या विडंबनाचे बाण बसले ते नेम बरोबर होता म्हणूनच. पण या आक्षेपाला दुसरीही एक बाजू आहे. माधव ज्यूलियन आणि यशवंत यांची कविता एका वळणाची नाही. एकाने फारसीचा व्यासंग मराठीत आणला, दुसऱ्याने घरगुती वत्सल भाव आणि राष्ट्रीय वृत्ती जपली. एका किटलीतला चहा पिऊनही ते एकमेकांसारखे झाले नाहीत. एखाद्या मंडळाची परीक्षा याहून चांगली कशी घ्यावी, मला ठाऊक नाही.

विश्रामबागेचा या विषयाशी असलेला दुसरा संबंध मला बराच उशिरा कळला. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या या भागात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आहे. वसंत कानेटकर, म्हणजे कवी गिरीशांचे चिरंजीव, इथले विद्यार्थी, हे मराठीच्या लोकांना माहीत असते. पण याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद विनायक कृष्ण गोकाक यांनी भूषवले आणि याच महाविद्यालयात रं. श्री. मुगळी यांनी कन्नड शिकवले, हे आपण फारसे सांगत नाही. हे दोघेही धारवाडच्या 'गेळेयर गुंपु'मधले. गेळेयर गुंपु म्हणजे मित्रांचा मेळा. द. रा. बेंद्र्यांभोवती जमलेला तो कन्नड लेखकांचा गट, काळाने जवळजवळ आपल्या रविकिरण मंडळाचा समवयस्क. गंमत अशी की ज्यांच्याभोवती हा मेळा जमला त्या बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती. १९७३चे ज्ञानपीठ ज्यांना कन्नड कवितेसाठी मिळाले, ते घरी मराठी बोलत. पुढे १९९०चे ज्ञानपीठ गोकाकांना मिळाले. ज्या रस्त्याने मी रोज दुचाकीवरून महाविद्यालयात जाते त्या रस्त्यावर एके काळी दुसऱ्या भाषेतली एक सबंध मैत्री वावरत होती. सीमाभागातल्या माणसांना या गोष्टीचे अप्रूप वाटू नये. मला वाटले, आणि माझी चूक त्या अज्ञानाशीच जोडलेली आहे.

आमचा शनिवार कसा सुरू झाला, हे सांगण्यासारखे नाही. एका औषधाच्या दुकानात पुड्या बांधायच्या कागदामागे कविता लिहिणाऱ्या दुकानदारांशी ओळख झाली, त्यांच्याकडून महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका तलाठ्यांशी, मग कुपवाडच्या एका प्राथमिक शिक्षिकेशी. तलाठी वयाने सर्वांत मोठे, म्हणून त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. माडी दुकानदारांची. नियम दोनच. ज्याचा क्रमांक असेल त्याने मोठ्याने वाचायचे, आणि वाचून होईपर्यंत चहा यायचा नाही. छापण्याचा विषय काढायचा नाही, असा तिसरा नियम आम्ही कधी केला नाही, पण तो आपोआप पाळला गेला.

काका गद्य लिहीत. त्यांच्या नोकरीतल्या गावांविषयी, बांधांविषयी, वाटण्यांविषयी. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे कोरडे गद्य: कुणाचे किती क्षेत्र, कोणते पीक, विहिरीत हिस्सा किती आणे, आणि त्या कोरडेपणातून मधेच एखादे माणूस उभे राहायचे. शिक्षिकाबाई लहान मुलांसाठी गोष्टी लिहीत. मी कथा लिहीत असे. 'असे' हा शब्द मुद्दाम वापरला. पहिली तीन वर्षे मी वाचले, नंतर हळूहळू माझा क्रमांक मी इतरांना देऊ लागले. प्राध्यापकाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात कथेला जवळपास जागा नसते, शोधनिबंधाला असते. हे कारण मी मंडळींना सांगे आणि त्यांना ते पटे. खरे कारण वेगळे होते. दुसऱ्याच्या लिखाणावर बोलणे मला फार चांगले जमू लागले होते. त्यात धोका नव्हता आणि मान होता. मंडळी माझ्या मताची वाट पाहत. नकळत मी त्या खोलीत शेजारीण राहिले नव्हते. परीक्षक झाले होते.

२०१२च्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी शनिवारी येऊ लागली. जत तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी, वर्गात कधी न बोलणारी. तिने एक कथा आणली होती. गावात पाण्याचा टँकर येतो, बायका घागरी घेऊन धावतात, आणि एक बाई आपली घागर रांगेत ठेवून निघून जाते ती परत येत नाही. रांग पुढे सरकते, प्रत्येक जण त्या घागरीला एक पाऊल पुढे ढकलत राहतो. कथा एवढीच. सांगणारी त्या बाईची मुलगी.

मंडळींनी ऐकले आणि सगळे "छान आहे" म्हणाले. मी म्हटले, "वही ठेवून जा, मी नीट पाहून देते." आणि मी नीट पाहिले. लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'हितं'चे 'इथे' केले, संवाद तेवढे बोलीत ठेवून निवेदन प्रमाण भाषेत आणावे असे समासात लिहिले. त्या कथेत मुलगी आपल्या आईला 'अव्वा' म्हणत होती. तो शब्द मी जिथे जिथे आला तिथे कापला आणि वर 'आई' लिहिले. समासात टीप दिली की वाचकाला परका वाटणारा शब्द कारण नसताना वापरू नये. शेवटी, प्रोत्साहन म्हणून, 'लिहीत राहा' असेही लिहिले.

ती पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्गात ती पूर्वीसारखीच गप्प असे, त्यामुळे काही घडले आहे असे मला वाटले नाही. एम. ए. करून ती गेली. शनिवारी तिचा विषय निघाला तेव्हा मी म्हटले, "मुली लग्न ठरलं की लिहिणं सोडतात." हे वाक्य मी म्हटले, हे मला स्पष्ट आठवते.

इथे जरा थांबून दुसरे उदाहरण द्यायला हवे, कारण एकाकीपणाच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहिले, तिथे इंग्रजी शिकवले आणि सभासंमेलनांपासून कटाक्षाने दूर राहिले. मंडळाशिवाय थोर लेखन होते याचा दाखला म्हणून त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. पण जी. एं.च्या निवडक पत्रांचे खंड समोर ठेवले की हा दाखला तितकासा सरळ उरत नाही. ज्याने माणसांना घराच्या दाराशी थोपवले त्यानेच टपालाच्या दारातून किती जणांना आत घेतले होते! सुनीताबाई देशपांड्यांची त्यांना लिहिलेली पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ साली आली, तेव्हा या दुसऱ्या बाजूचाही आवाज ऐकू आला. शेजार नको असलेल्या लेखकालाही शेजार लागतो. फक्त तो आपल्याला झेपेल एवढ्या अंतरावर असावा लागतो.

'सत्यकथे'च्या राम पटवर्धनांविषयीही हेच सांगता येईल. नवख्या लेखकाच्या कथेवर सविस्तर पत्र लिहून, काय खटकले आणि काय पुन्हा पाहावे हे सांगून, कथा पुन:पुन्हा लिहून घेणारा संपादक अशी त्यांची ख्याती. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झाले. त्या पत्रांनी काही लेखक घडले, आणि त्या कडक गाळणीतून जे गेले नाहीत त्यांच्या मनात कडवटपणाही राहिला, हेही खरे. साठोत्तरी काळातली अनियतकालिके काही केवळ छपाई स्वस्त होती म्हणून निघाली नाहीत. १९६७ साली तेव्हाच्या औरंगाबादेत 'अस्मिता' नावाने सुरू झालेले आणि पुढे 'अस्मितादर्श' झालेले गंगाधर पानतावण्यांचे त्रैमासिक घ्या. दलित लेखकांना तिथे छापून येण्याइतकेच महत्त्वाचे काहीतरी मिळाले: आपली भाषा आधी दुरुस्त करून घ्यावी लागणार नाही अशी जागा. हे सगळे मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. 'दलित साहित्याची भाषा' या प्रश्नाला पंधरा गुणांचे उत्तर कसे लिहावे हे मी मुलांना सांगते. त्याच हाताने मी 'अव्वा' कापले होते.

मला माझी चूक लगेच कळली नाही. ती कळायला नदी यावी लागली.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली. जुने गावठाण, बाजारपेठ, नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. विश्रामबाग उंचावर, म्हणून ज्यांचे कुणी इकडे होते ते इकडे आले. काका जुन्या गावातले. दुकानदारांच्या माडीवर, जिथे आम्ही शनिवारी बसत असू, तिथे ते आणि काकी नऊ दिवस राहिले. पाणी उतरल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. भिंतींवर पुरुषभर उंचीची चिखलाची रेघ होती. लोखंडी पेटीत त्यांच्या सात वह्या होत्या. पेटी बंद होती, पण पाण्याला कुलूप कळत नाही.

वह्या आम्ही माडीवर आणल्या, पाने सुटी केली, दोरीवर वाळत घातली. तेव्हा एक गोष्ट दिसली. ज्या वह्या काकांनी बॉलपेनने लिहिल्या होत्या त्यांतले अक्षर टिकले होते. पण पहिल्या तीन वह्या शाईच्या पेनने लिहिलेल्या. त्यांतली पाने निळसर कोरी झाली होती. काका दोरीखालून फिरले, एकेक पान बघत. मग म्हणाले, "जाऊ द्या. दप्तर गेलं."

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "काका, हे तुम्ही आम्हाला वाचून दाखवलंय सगळं."

त्या दिवसापासून चार महिने, शनिवारीच नव्हे तर मधल्या वारीही, आम्ही त्या तीन वह्या आठवल्या. एकाने आठवायचे, दुसऱ्याने भर घालायची, काकांनी हो-नाही म्हणायचे, मी लिहून घ्यायचे. आणि या कामात मला त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, जरी त्याने तो पाच वर्षांनी विचारायचा होता. ज्या मजकुरावर आम्ही वाचनाच्या वेळी भांडलो होतो, तो आम्हाला जवळजवळ जसाच्या तसा आठवत होता. दोन भावांच्या विहिरीवरच्या लेखात शेवटी मोट कुणाकडे जाते यावर दुकानदार आणि मी तासभर वाद घातला होता. तो लेख परिच्छेदापरिच्छेदाने परत आला. एका जागी शिक्षिकाबाईंनी विचारले होते की त्या म्हातारीने लुगडे कोणत्या हाताने सावरले, कारण दुसऱ्या हातात तर कागद होता. ते पानही आले. पण ज्या लेखांना आम्ही "छान" म्हणून चहा मागवला होता, ते गेले होते. त्यांचा विषय आठवे, मथळा आठवे, आणि आपण "छान" म्हटले होते हे आठवे. बाकी काही नाही. अशी अकरा प्रकरणे निघाली. काका त्यांच्या यादीकडे बघत शांतपणे म्हणाले, "ही तुम्हाला आवडली होती."

ते रागाने म्हणाले नाहीत. म्हणूनच ते वाक्य जात नाही.

प्रोत्साहन म्हणजे स्तुती, असे आपण समजतो; आणि स्तुती नको असेल तर कठोर परीक्षण, असे आपले दुसरे टोक. त्या चार महिन्यांत मला दिसले की "छान" आणि माझी लाल शाई या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. दोन्हींत समोरचा मजकूर नीट ऐकण्याची गरज पडत नाही. "छान" म्हणणारा त्याला बाहेरून थोपटतो, लाल शाईवाला त्याला आपल्या ओळखीच्या मजकुरासारखा करून टाकतो. म्हातारीने कोणत्या हाताने लुगडे सावरले, असे विचारणारी बाई मात्र त्या खोलीत, त्या म्हातारीसमोर उभी होती. लिहिणाऱ्याला एवढेच लागते. आपण जिथे एकटे उभे होतो तिथे आणखी कुणीतरी येऊन पाहून गेले, हे कळणे.

औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते, ते अनेकांना ठाऊक असेल. कृष्णाकाठचे हे दत्ताचे क्षेत्र. पलूस तालुक्यातल्या या छोट्या गावात कवी सुधांशु आणि म. भा. भोसले या तरुण मित्रांनी, सदानंद सामंत या अकाली गेलेल्या आपल्या मित्राच्या स्मरणार्थ, १९३९ साली सदानंद साहित्य मंडळ सुरू केले. सुधांशु तेव्हा बावीस वर्षांचे होते. एक मित्र गेला म्हणून उरलेल्यांनी दर वर्षी जमायचे ठरवले, आणि ते मित्रही गेल्यावर पुढच्यांनी जमायचे चालू ठेवले. मराठीतली कितीतरी मोठी माणसे तिथे अध्यक्ष म्हणून येऊन गेली. तरी मला ते संमेलन आवडते ते दुपारच्या कवितावाचनासाठी, जेव्हा आसपासच्या गावांतली माणसे खिशातून घडी घातलेला कागद काढून उभी राहतात. पुण्या-मुंबईची संमेलने साहित्याचा उत्सव करतात. हे संमेलन हजेरी घेते. तू अजून लिहितोस ना? मग ये.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला तिथे तिळगूळ घेताना कुणीतरी मला वाकून नमस्कार केला. मी लगेच ओळखले नाही. तीच. आता जतकडे एका शाळेत शिकवते. चार वर्षे काहीच लिहिले नाही, म्हणाली. अगदी सहज, तक्रार म्हणून नव्हे. मग शाळेतल्या दोघी शिक्षिका निघाल्या, त्याही चोरून लिहिणाऱ्या. बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर तिघी एसटीच्या थांब्यावर बसतात. गाडी यायला पाऊण तास असतो. तेवढ्यात एकीचे वाचून होते.

मी तिला टँकरच्या कथेविषयी विचारले. ती वही नाही आता, म्हणाली. मी म्हटले, "मला आठवते ती कथा." आणि खरोखरच आठवत होती, कारण मी तिच्यावर ओळीओळीने काम केले होते. घागर कशी ढकलली जाते, रांगेतली पहिली बाई काय म्हणते, शेवटी मुलगी घागर उचलायला जाते तेव्हा ती कुणीतरी भरून ठेवलेली असते. मी सांगत गेले. "आणि मग आई..." असे मी म्हटले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "अव्वा."

मी थांबले. मी पुन्हा सुरू केले, आणि दोन वाक्यांनी पुन्हा 'आई' म्हणाले. माझ्या स्मरणात ती कथा माझ्याच दुरुस्तीसकट राहिली होती. मूळ शब्द माझ्याजवळ नव्हताच. काकांच्या अकरा लेखांसारखा तोही गेला होता, आणि तो पुराने नेला नव्हता. मी तिची क्षमा मागितली. ती संकोचली. "मॅडम, शुद्धलेखन तर तुमच्यामुळेच सुधारलं," म्हणाली. माझ्या बाजूने ती असे काहीतरी बोलेल हे मला आधीच कळायला हवे होते. क्षमा मागून मी तिला अडचणीत टाकले होते. तिला पुन्हा एकदा माझे समाधान करावे लागले.

मग तिनेच मला विचारले, "मॅडम, तुम्ही हल्ली काय लिहिताय?"

या प्रश्नात टोमणा नव्हता. तिघींपैकी एक दुसरीला थांब्यावर विचारेल तसा तो प्रश्न होता. मी सांगितले की बरीच वर्षे काही लिहिले नाही. ती म्हणाली, "मग लिहा की. बघायला आवडंल." एवढे बोलून ती कवितावाचनाच्या मांडवाकडे गेली, कारण तिचे नाव पुकारले होते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. रविकिरण मंडळात कुणी कुणाला काय सांगितले हे मला खात्रीने सांगता येणार नाही. पण त्याला मी शनिवारी यायला सांगितले. तो येतो. त्याला अजून वाचायचे धाडस होत नाही. कोपऱ्यात बसून ऐकतो आणि नको तिथे नेमके प्रश्न विचारतो. काकांच्या कोऱ्या झालेल्या वह्यांतली परत मिळालेली प्रकरणे आता नव्या वहीत आहेत. गेलेल्या अकरांपैकी दोन त्यांनी नव्याने लिहिली, बाकीची लिहायची नाहीत असे ठरवले. पेन मात्र अजून शाईचेच वापरतात. आम्ही बॉलपेन आणून दिले तर म्हणाले, "तुम्ही आहात की."

भवभूतीचा समानधर्मा केव्हा जन्मेल ते तो जाणे. या शनिवारी बारा वर्षांनी माझा क्रमांक आहे. चार पाने झाली आहेत, पाचवे अडले आहे. कथेत एक मुलगी आहे आणि ती आईला कोणत्या शब्दाने हाक मारते हे मला ठरवता येत नाही. मंडळींना विचारावे लागेल.